विळी उचलून ठेवली, पण लेकीची भीती जाईना

प्रश्न : माझी मुलगी पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी आली आहे. नात अडीच महिन्यांची झाली. बाळ-बाळंतीण तब्येतीने बरी आहेत, पण मुलगी दिवसभर रडवेली असते. बाळ झोपलं तरी ही टक्क जागी. मध्यंतरी मी भाजी चिरत होते. ती बाळाला घेऊन स्वयंपाकघरात आली आणि एकदम म्हणाली, "आई, ती विळी आत ठेव. माझ्या हातून हिला काहीतरी होईल." मी म्हटलं, "असं अभद्र बोलू नये." विळी माळ्यावर टाकली. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात येत नाही, बाळाला आंघोळ घालायला बसत नाही, आणि सारखी विचारते, "मी हिला काही करणार नाही ना?" रात्री मी बाळाला माझ्याजवळ घेऊन झोपते. दृष्ट काढली, अंगारा लावला. खरं तर सातव्या महिन्यापासूनच तिचं काहीतरी बिघडलं होतं. झोप नव्हती, बाळ जरा कमी हललं की सोनोग्राफीचा हट्ट. आमच्या वेळी असलं काही ऐकलं नव्हतं. तिसरा महिना सरला की तिला पुण्याला सासरी पोचवायचं आहे. तिकडे सांगावं का? वेडी म्हणून माघारी पाठवतील अशी धास्ती वाटते. औषधं सुरू केली तर ती दुधातून बाळाला जातील ना? की डिंकाचे लाडू उष्ण पडले असतील?
– एक आई, कराड तालुका

उत्तर :

ताई,

लेकीच्या तोंडून ते वाक्य ऐकून तुमच्या काळजाचं पाणी झालं असणार. पण ती नेमकं काय म्हणाली ते पुन्हा एकदा पाहा. "विळी आत ठेव" म्हणाली. ज्याला इजा करायची असते तो हत्यार लांब ठेवायला सांगत नाही. तिच्या मनात तिला नको असलेला, तिच्या स्वभावाच्या अगदी उलट असा विचार घुसतो, तिला त्याची किळस येते, भीती वाटते, आणि ती विळीपासून, गरम पाण्यापासून, शेवटी बाळापासूनच लांब पळते. बाळ नकोसं झालंय म्हणून ती लांब राहते असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. बाळाला जपायचा तिला सुचलेला हा एकच मार्ग आहे.

असे विचार बाळंतिणींना येतात, आणि फार जणींना येतात. जिन्यावरून उतरताना हातून बाळ सुटलं तर, आंघोळ घालताना नाकात पाणी गेलं तर, हे तर जवळपास प्रत्येकीच्या मनात येऊन जातं. "मीच हिला काही केलं तर" हासुद्धा वाटतो तितका दुर्मीळ विचार नाही. कॅनडात नव्या आयांना याबद्दल मोकळेपणाने विचारलं, तेव्हा जवळपास निम्म्या जणींनी असा नकोसा विचार येऊन गेल्याचं सांगितलं. बहुतेकींच्या मनातून तो आला तसा निघून जातो. काहींच्या मनात मात्र अडकून बसतो आणि मग दिवसरात्र त्याच्याशीच झुंज चालते. डॉक्टर याला ओसीडी म्हणतात, मराठीत मंत्रचळ. बाळंतपणानंतरच्या नैराश्याबरोबर तो बऱ्याचदा हातात हात घालून येतो. रडवेपणा, बाळ झोपलेलं असतानाही न लागणारी झोप, सातव्या महिन्यातली ती काळजी, हे सगळं एकत्र वाचलं की माझा अंदाज या जोडीकडे जातो. अर्थात पत्रावरून निदान होत नसतं. ते मानसोपचारतज्ज्ञ समोर बसवून करतील, आणि ते याच आठवड्यात व्हायला हवं.

तुम्ही "अभद्र बोलू नये" म्हणालात ते मायेने, त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. पण त्यानंतर ती त्या विषयावर गप्प झाली आणि तिने फक्त एकच प्रश्न धरून ठेवला, हे तुमच्याच पत्रात आहे. तो विषय आता पुन्हा तुम्हालाच उघडावा लागेल. आज रात्री बाळ निजल्यावर तिच्याजवळ बसा. साधंच बोला : "त्या दिवशी तू विळीबद्दल बोललीस, ते मी नीट ऐकून घेतलं नाही. तुझ्या मनात काय काय येतं ते सांग. मी रागावणार नाही, तुला विचारल्याशिवाय कुणाला सांगणार नाही. असे विचार येणं हे दुखणं आहे, आणि त्याला औषध आहे." मग ती जे सांगेल ते ऐका. मधेच देवाचं नाव घेऊ नका, डोळे पुसायची घाई करू नका. ऐकायला जड जाईल, काही वाक्यं तर फारच जड जातील.

त्याच बोलण्यात एक प्रश्न तुम्हाला विचारायचाच आहे : "स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करावं असं वाटतं का गं?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. विचारलं की उलट मन हलकं होतं. ती "हो" म्हणाली, किंवा "मी नसते तर बरं झालं असतं" अशा वळणाने बोलली, तर उद्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोवर तिला एकटीला सोडायचं नाही. शेतावरचं घर असेल तर फवारणीची औषधं, उंदराचं औषध, तुमच्या बीपीच्या गोळ्या कुलपात घाला. विहिरीकडे, गच्चीकडे लक्ष असू द्या.

आता एक वेगळी गोष्ट, जी तुमच्या पत्रात दिसत नाही, पण प्रत्येक घराला माहीत असायला हवी. हजार बाळंतिणींमागे एखाद-दोघींना बाळंतपणानंतर तीव्र मनोविकृती होते, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच. पूर्वी बायका म्हणायच्या, हिला बाळंतवात झाला. दोन-दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, तरी थकवा नाही. बडबड वाढते, किंवा बोलण्याला ताळतंत्र राहत नाही. कानात आवाज येतात. "हे बाळ माझं नाही, बदललंय" असं वाटू लागतं, नाहीतर बाळात देव किंवा भूत दिसतं. मुख्य फरक असा, की तुमच्या मुलीला तिच्या विचाराची दहशत बसली आहे. मनोविकृतीत बाईला तो विचार खरा आणि बरोबर वाटतो, त्याची भीतीच वाटत नाही. यातलं काहीही दिसलं तर मात्र बाळ तिच्याजवळ एकटं ठेवू नका आणि १०८ ला फोन करून रातोरात मोठ्या रुग्णालयात न्या. हा आजारही बरा होतो, पण तिथे एक रात्रसुद्धा थांबून चालत नाही.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं." ताई, होतं. त्याला बाधा म्हणत, सूतिकेचं दुखणं म्हणत, नाहीतर "हिला पोराची माया नाही" म्हणून बाईलाच नावं ठेवत. आपल्या शेजारी गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० बायांना गरोदरपणापासून बाळंतपणानंतरच्या महिन्यांपर्यंत भेटून अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के बायांना नैराश्य होतं. त्या आजारी बायांपैकी ७८ टक्के जणींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं, म्हणजे तुमच्या लेकीचा तो सातवा महिना. आणि सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हाही अर्ध्याहून अधिक जणी आजारीच होत्या. पुढे २०१७ मध्ये भारतातल्या ३८ अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हाही उत्तर तेच आलं : शंभर बाळंतिणींमागे साधारण २२. तुमच्या वाडीतसुद्धा तुमची लेक एकटी नसणार.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छातीत दूध भरून येतं तेव्हा उगाचच रडू फुटतं, चिडचिड होते, ते वेगळं. ते पंधरा दिवसांत आपोआप ओसरतं, त्याला औषध लागत नाही. तुमच्याकडे अडीच महिने झालेत. अंगावर काढायचे दिवस संपले.

कुठे जायचं? तुम्हाला सातारा जवळ आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, कराडातही मानसोपचारतज्ज्ञ आहेत. आधी फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. मुलगी स्वतः बोलायला तयार नसेल तर तुम्ही लावा. आशाताई बाळाचं वजन बघायला घरी येत होत्या ना? मुलीची हरकत नसेल तर त्यांनाही विश्वासात घ्या. एक खंत मात्र इथे बोलून दाखवते. त्या येतात, बाळाला तोलतात, नाळ बघतात, ताप बघतात. आईला "तुझं मन कसं आहे?" असं विचारणारं आपल्याकडे अजून क्वचितच भेटतं. खरं तर त्यासाठी १९८७ पासून दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली जगभर वापरली जाते. भरायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

डॉक्टरांकडे गेल्यावर बहुतेक जणी "झोप येत नाही, अशक्तपणा आहे" एवढंच सांगतात आणि खरी गोष्ट पोटात ठेवून परत येतात. मग झोपेच्या गोळ्या मिळतात आणि विचार तिथेच राहतो. म्हणून विळीचं, आंघोळीच्या पाण्याचं जसंच्या तसं सांगायला हवं. तिला तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातात देऊ दे. मानसोपचारतज्ज्ञांना हे ऐकायची सवय असते, ते दचकणार नाहीत आणि पोलिसांनाही बोलावणार नाहीत. आत तिला एकटीला बसू द्या, तुम्ही मागून जा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाळंतपणानंतर कधीकधी थायरॉइड बिघडतो, आणि त्यानेही रडू, थकवा, धडधड असं सगळं होतं.

दुधाचं म्हणाल, तर नैराश्य आणि मंत्रचळ या दोन्हींवर चालणारी काही औषधं अंगावर पाजणाऱ्या आयांना वर्षानुवर्षं दिली जात आहेत. सर्ट्रालिन हे त्यांतलं एक, ते दुधात अगदी थोडं उतरतं. कोणतं द्यायचं, किती द्यायचं, हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही फक्त पहिल्याच वाक्यात सांगा की ती अंगावर पाजते, आणि बाळाचं वय व वजन सांगा. या गोळ्यांचा गुण दुसऱ्या दिवशी येत नाही, दोन ते चार आठवडे लागतात. मंत्रचळ असेल तर आणखी जास्त. मधल्या काळात "काही फरक नाही" म्हणून बंद करायच्या नाहीत, आणि बरं वाटलं म्हणून तर मुळीच नाहीत. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर घ्याव्या लागतात आणि डॉक्टरच हळूहळू कमी करतात. मेडिकलवाल्याला विचारून झोपेची गोळी आणायची नाही.

गोळ्यांइतकाच बोलण्याचा उपचारही महत्त्वाचा. मंत्रचळात समुपदेशक अगदी पायरी-पायरीने भीतीच्या समोर उभं राहायला शिकवतात. आधी विळीचा नुसता विचार, मग विळी असलेल्या खोलीत बसणं, मग बाळ शेजारी असताना भाजी चिरणं. हे घरी तुमच्या मनाने सुरू करू नका. "बघ, काही होत नाही" म्हणून तिच्या हातात विळी देणं तर अजिबातच नको. विळी सध्या माळ्यावर राहू द्या. पण आज विळी, उद्या कात्री, परवा उकळतं पाणी अशी यादी वाढवत नेऊ नका. घरातलं जेवढं लपवाल तेवढं तिच्या मनात पक्कं होईल की आपण खरंच धोक्याच्या आहोत.

"मी हिला काही करणार नाही ना?" या प्रश्नाचंही तसंच आहे. तुम्ही प्रत्येक वेळी "नाही गं बाई" म्हणता, तिला पाच मिनिटं बरं वाटतं, आणि प्रश्न परत येतो. दिवसभर हेच चाललं की भीतीला खतपाणी मिळत राहतं. एकदाच शांतपणे सांगा : "हा प्रश्न तुझं दुखणं विचारतंय. मी उत्तर देत बसणार नाही, पण तुझ्याजवळ बसते." आणि खरंच बसा. सुरुवातीला ती चिडेल.

रात्रीचं काय करायचं ते जरा नीट ठरवू. बाळाला तुमच्याजवळ घेऊन झोपता ते चांगल्या हेतूने, पण तिच्या लेखी त्याचा अर्थ "आईचाही माझ्यावर भरवसा नाही" असा होतो. तेव्हा बाळ, ती आणि तुम्ही एकाच खोलीत झोपा. तिला मात्र सलग चार-पाच तास झोप मिळालीच पाहिजे. झोपेइतका दुसरा कशाचाच इतका चटकन उपयोग होत नाही. नऊ-दहाला तिने पाजावं आणि झोपावं. मधलं एक पाजणं तिने आधी काढून ठेवलेल्या दुधावर, वाटी-चमच्याने तुम्ही करा. काढलेलं दूध स्वच्छ झाकलेल्या भांड्यात चार तासांच्या आत वापरा. पहाटे परत ती. हे रोज एकट्या तुमच्याच अंगावर पडणार असेल तर तुम्हीही आजारी पडाल. मावशीला, चुलतीला दिवस वाटून द्या. जावईबापू शनिवार-रविवारी येतात ना? त्या दोन रात्री त्यांच्या.

लाडवांचा यात काही दोष नाही. खाऊ घाला, अळिवाची खीर करा, तिच्या आवडीचं काहीतरी चटपटीतही करा. अडीच महिने पथ्याचं खाऊन कोणाचाही जीव विटतो. शेक-शेगडी अजून चालू असेल तर कोळशाची शेगडी बंद खोलीत नको, तो धूर माय-लेकींच्या जिवावर बेतू शकतो. कानाला फडकं बांधून अंधाऱ्या खोलीत बसवणंही आता पुरे. सकाळी कोवळ्या उन्हात अंगणात अर्धा तास, संध्याकाळी गल्लीतून एक फेरी, एखादी मैत्रीण गप्पांना. दृष्ट काढलीत, अंगारा लावलात, त्यानेही काही बिघडलं नाही. मीठ-मोहऱ्यांनी कुणाचं नुकसान होत नाही. मात्र कोणी देवऋष्याकडे न्यायला सांगितलं तर ठाम नकार द्या. अंगातलं काढतो म्हणून बाईला मारझोड करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

राहिलं सासर. आधी मुलीला विचारा, तिच्या परवानगीशिवाय कुणालाच सांगू नका. पण नवऱ्याला मात्र कळायला हवं, आणि ते फोनवरून नको. त्यांना बोलावून घ्या, शक्य असेल तर डॉक्टरांच्या दुसऱ्या भेटीला सोबत न्या. मग समजावणं डॉक्टर करतील, तुम्हाला शब्द जुळवत बसावं लागणार नाही. सासूबाईंना किती सांगायचं हे नंतर त्या दोघांनी मिळून ठरवावं. "थोडा अशक्तपणा आहे" असं खोटं सांगून पाठवणी केलीत तर तिकडे गोळ्या लपवाव्या लागतील, आणि लपवलेल्या गोळ्या चुकतात. नातीच्या जन्मावरून सासरी काही टोमणे चालू आहेत का, तेही लेकीकडून हळूच काढून घ्या. पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण त्या गोव्याच्या अभ्यासात दिसलं होतं की घरात मारहाण किंवा उपासमार असेल, तर मुलगी झाल्यावर आईचा धोका आणखी वाढतो.

माघारी पाठवण्याची धास्ती समजते. आजार आहे म्हटल्यावर कुणी उद्या उठून घटस्फोट देऊ शकत नाही. हिंदू विवाह कायद्यात त्यासाठी बरा न होणारा किंवा सोबत राहणंच अशक्य व्हावं इतका गंभीर मानसिक आजार असावा लागतो. उपचाराने बरं होणारं बाळंतिणीचं दुखणं त्यात बसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तिची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तिला दिला आहे. दाखल व्हायची वेळ आलीच, तरी तीन वर्षांखालचं मूल सहसा आईपासून तोडायचं नाही असंही त्यात लिहिलं आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत तर आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा वेगळा कक्षच आहे. तुमच्या लेकीला तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही.

तिसरा महिना सरला म्हणून पाठवणी करायलाच हवी असं काही नाही. ती नोकरीवर असेल आणि कायद्याने मिळणारी २६ आठवड्यांची रजा लागू असेल, तर अजून वेळ आहे. नसेल तरी घाई नको. गोळ्या लागू पडल्या, रात्रीची झोप यायला लागली, पुण्यात पुढे कोणाला दाखवायचं ते या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं आणि ती स्वतः "जाते" म्हणाली, की मग मुहूर्त बघा. पाठवाल तेव्हा पहिले पंधरा दिवस तुम्ही किंवा मावशी सोबत जा.

पुढे कधी दुसऱ्या बाळाचा विचार झालाच, तर दिवस राहण्याआधीच मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं, एवढं तिच्या फाइलवर आत्ताच लिहून ठेवा. एकदा झालेलं हे दुखणं पुढच्या वेळी परत डोकावू शकतं, पण तेव्हा ते आधीच ओळखता येतं.

सोमवारी जाणार असाल तर गरोदरपणाची फाइल, डिस्चार्ज कार्ड आणि आत्ता चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-काढ्यांची यादी सोबत घ्या. बाळालाही न्या, ओपीडीत वेळ लागतो आणि मधे पाजावं लागेल. डॉक्टरांनी काय दिलं ते औषधाच्या नावासकट कळवा, राहिलेल्या शंका पुढच्या पत्रात पाहू.